सोडलेला भात

ही गोष्ट मी माहेरी सांगितली नाही, पोरीला सांगितली नाही. देवापुढं बसूनसुद्धा नीट सांगितली नाही – तिथंही नुसते हात जोडले आणि उठले. तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. पण बघा ना, सुरुवात करायलाच चार दिवस गेले. कधी भांडी आठवली, कधी वाळत घातलेले कपडे. माणसाला टाळायचं असलं की घरात कामं काय कमी असतात?

मागच्या महिन्यात भंडाऱ्याला माझी दुर्बीण झाली. म्हणजे तोंडातून काळी नळी घालून पोटापर्यंत आत बघतात, ती तपासणी. मला सात-आठ वर्षांपासून ॲसिडिटी आहे. चहा घेतला की जळतं, झाडायला वाकलं की आंबट पाणी घशाशी येतं. गोळ्या खाल्ल्या, ओवा खाल्ला, थंड दूध प्यायले. शेवटी नवऱ्यानं धरूनच नेलं. माझ्या नवऱ्याचं नाव विलास. तोंडानं मी कधी त्याचं नाव घेत नाही, ‘अहो’ म्हणते. पण कागदाला काय कळतं? इथं विलासच लिहीन.

डॉक्टरांनी रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनानं अन्ननळी काढून दाखवली. खाली पोट, वर नळी, मध्ये एक झडप. झडप ढिली पडली की पोटातलं ॲसिड वर येतं. वर्षानुवर्षं येत राहिलं की नळीचं खालचं टोक पोळतं, आतलं अस्तर बदलायला लागतं. माझं थोडं बदललंय म्हणाले. गोळ्या नेमानं घ्यायच्या, दरवर्षी नळी घालून बघायचं, घाबरायचं नाही. बहुतेकांचं तिथंच थांबतं. काहींचं थांबत नाही.

मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला अन्ननळीचा त्रास होता का?

मी काही बोलायच्या आत विलास बोलला. “माह्या मायले होता जी. कॅन्सर. पण थे एकदमच झालं. काईच नव्हतं, अन् एका दिवशी एकदम.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एकदम नसतं होत हो ते, म्हणाले. आधी कितीतरी महिने घास अडकतो. आधी भाकरी-पोळी, मग भात, मग पातळ. कुणाच्या तरी लक्षात येतंच.

“नाही जी,” विलास म्हणाला, “मायचं एकदमच झालं. हे होती ना जवळ. विचारा इले.”

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. माझा घसा नळीनं सोलून निघाला होता, बोलले नसते तरी चाललं असतं. पण मी बोलले. म्हणाले – हो, एकदम.

नऊ वर्षं झाली हा शब्द बोलून. आमच्या घरात तो आता सासूच्या नावासारखाच झालाय. तिची आठवण निघाली की कुणीतरी म्हणतंच, कौतिकाबाईचं एकदमच झालं. पाहुणे मान हलवतात. मीही हलवते. आणि एकदम झालेलं नव्हतं. फक्त मला माहीत आहे की एकदम झालेलं नव्हतं.

आता सासूबद्दल सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल, ती छळणारी असेल म्हणून हिनं केलं. तसं काही नव्हतं हो. तसं असतं तर मला बरंच पडलं असतं.

आमचं घर दिघोरीला. थोडं धानाचं शेत, मागं बोडी, म्हणजे आमच्याकडची छोटी तळी. घरात मी, सासू आणि माझी पोरगी. विलास चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत, पंधरा दिवसांतून एकदा दीड दिवसासाठी यायचा. सासू मोठ्या आवाजाची बाई. कुणाच्या घरी कोणती भाजी शिजते ते अंगणातून वासावर सांगायची, आणि मीठ कमी पडलं असेल तर तेही. सकाळी पाण्यात भिजवलेला शिळा भात आणि मिरचीची चटणी, दुपारी भात, संध्याकाळी भात. पोळी केली की तोंड वाकडं. “पोया खाऊन माणूस जगते काय वं मंदा?” म्हणायची. मंदा म्हणजे मी.

आणि जळजळ तिला कायमची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते. कमरेच्या बटव्यात खायच्या सोड्याची डबी असायचीच. सगळ्यांचं आटोपल्यावर उशिरा जेवायची आणि जेवली की लगेच आडवी. सपाट झोपता यायचं नाही, म्हणून तांदळाच्या कट्ट्याला, म्हणजे पोत्याला, पाठ टेकून अर्धी बसून झोपायची. आम्ही हसायचो. तीही हसायची – “माह्या छातीत चूल हाय, माचीस लागत नाही.” तो आजार असतो असं कुणाच्या मनातच आलं नाही. जळजळ काय, सगळ्यांनाच होते. दमेकऱ्याला दवाखान्यात नेतात, जळजळीला कुणी नेतं का?

इथपर्यंत माझा दोष नाही. इथून पुढं आहे.

त्या साली ज्येष्ठात विलासचं क्वार्टरचं पत्र आलं. खाणीच्या कॉलनीत दोन खोल्या, नळ, स्वतःचा दरवाजा. माझ्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि मी नवऱ्यासोबत सलग दहा दिवस राहिलेली नव्हते. खरं सांगते, दहा दिवस नाही. पोरगी बापाला बघून माझ्या मागं लपायची. क्वार्टर दिवाळीनंतर मिळणार होता, पण कुटुंब घेऊन राहायला यायचं, नाहीतर यादीतला पुढचा माणूस. विलासनं फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मी चुलीपुढं बसून रडले. सासूला म्हटलं, धूर गेला डोळ्यात. ती म्हणाली, “धूर नोको सांगू मले. जाय बाई नवऱ्याजवळ. मी राह्यतो इथंच, पुतण्याचं घर हाय बाजूले. मले का वाघ खाते?”

बघा. तिनं स्वतःच म्हटलं होतं, जाय.

पत्र येऊन आठवडा झाला असेल. गोठ्यामागं राख टाकायला गेले तर तिथं आधीच राखेचा एक ढीग. मी पायानं जरा सारला. खाली भात होता. चावलेला, ओला, उलटून पडलेला. कुणीतरी राख टाकून झाकला होता. दुसऱ्या दिवशी पाहिलं, पुन्हा होता.

मग मी जेवताना तिच्याकडं बघायला लागले. एका घासामागं दोन घोट पाणी. छातीवर मूठ धरून थांबायची, डोळे मिटून. मग उठायची – कोंबड्या हाकलते म्हणून. होळीपासून चाललं होतं, हे तिनं नंतर सांगितलं. मला लाज वाटायची म्हणाली, अन्न टाकायची. धान पिकवणाऱ्या घरात बाई भात ओकते, हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं तिला.

आणि तो भात पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या मनात काय आलं? हिला काय झालं असेल, हे नाही आलं. आलं ते हे, की गेला क्वार्टर.

पाप मनातच राहिलं असतं तर आज लिहायला बसले नसते. मी तिला गावातल्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथं तेव्हा एक नवीन डॉक्टरीण होती, माझ्यापेक्षा लहान असेल वयानं. तिनं सासूला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत थांबवलं. गिळताना अडकायला लागलं की ती नुसती ॲसिडिटी नसते, म्हणाली. भंडाऱ्याला न्या, दुर्बीण करा, रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटपायची वाट बघू नका. चिठ्ठी लिहिली. ‘लवकर’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. आणि तोवर जळजळ कमी व्हायच्या गोळ्या दिल्या, उपाशीपोटी घ्यायच्या.

बाहेर आले. सासूला अक्षर येत नव्हतं. तिनं चिठ्ठीकडं बोट करून विचारलं, “का लिवलं बाईनं?”

मी म्हटलं, गोळ्या लिहून दिल्या. जेवायच्या आधी घ्यायच्या.

दवाखान्यापासून घरापर्यंत चालायला किती वेळ लागतो? तेवढ्यात मनाची समजूत घालून झाली. आधी गोळ्या तर घेऊन बघू. रोवणी आहे, माणसं मिळत नाहीत, बसनं कोण नेईल, विलासला सुटी कुठं आहे. दिवाळी झाली की बघू. क्वार्टरचा ताबा मिळाला की मी स्वतःच नेईन. ही सगळी कारणं खरीच होती. एकही खोटं नव्हतं, आणि एकाही कारणासाठी मी चिठ्ठी लपवली नाही. लपवली ती वेगळ्याच भीतीनं. तिला मोठा आजार निघाला तर विलास म्हणणार, तू मायजवळ राह्य, क्वार्टरचं पुढं पाहू. तो तसंच म्हणाला असता, मी त्याला ओळखते. चिठ्ठी मी मसाल्याच्या फळीवर अंथरलेल्या कागदाखाली सरकवली.

गोळ्यांनी जळजळ एकदम थांबली. सोड्याची डबी तिनं खुंटीला टांगून ठेवली. किती आनंद झाला तिला – “मंदा, चूल विझली वं!” मलाही वाटलं, बघ, उगाच घाबरवतात. घास मात्र अडकतच होता.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी विलास रोवणीसाठी सुटी काढून आला. दुपारी मायलेक जेवायला बसले. त्याच्या ताटात भाताचा डोंगर, तिच्यापुढं वाटीत नुसतं वरण. त्यानं विचारलं, “माय, भात काहून नाही घेतला?”

ती तोंड उघडणार होती. काय सांगणार होती ते मला कधीच कळणार नाही. कदाचित खरं सांगितलं असतं – लेकाजवळ माणूस सांगतं. मी चुलीजवळून, पाठमोरी, म्हटलं, “आईनं भात सोडला. चातुर्मासापुरता. तुम्हाला क्वार्टर मिळावा म्हणून.”

आमच्याकडं बाया चातुर्मासात काही ना काही सोडतात. कुणी वांगं, कुणी कांदा, कुणी पायात चप्पल. पण भात कोण सोडतं आमच्या भागात? विलासचा घास हातातच राहिला. मी वळून पाहिलं तर सासू माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. नुसती बघत होती. मग त्याला म्हणाली, “हो बाबू. सोडला.”

का म्हणाली? मी नऊ वर्षं विचार करते आहे. ओकारीची लाज झाकली गेली म्हणून? मला लेकापुढं खोटं पाडायचं नव्हतं म्हणून? की मला जायला मिळावं म्हणून? यातलं कुठलंही कारण धरलं तरी मीच त्यात वाईट दिसते. ते बरोबरच आहे.

गोष्ट गावभर झाली. रोवणीच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, बाया चिखलात उभ्या राहून तिचंच बोलायच्या. लेकासाठी कौतिकानं भात सोडला! भजनाला तिला पुढं बसवायला लागले. पोरीबाळी पाया पडायच्या. विलास दर फोनला विचारायचा, माय जेवली का, आणि मी म्हणायचे, हो, जेवल्या. ती वाळत चालली होती, गळ्याची हाडं वर आली होती. पण आता ते कुणाच्या डोळ्यात खुपत नव्हतं. व्रतानं वाळली, म्हणायचे. भात सुटला की बाई वाळणारच.

तुम्ही म्हणाल, व्रत तर खोटं होतं, दोघींनाही माहीत होतं. हो. पण तिच्यासाठी ते खोटं राहिलं नाही. लेकापुढं, ताटावर बसून ‘सोडला’ म्हणाली होती ती. तिच्या हिशेबी झालं ते व्रत. आणि भात सोडला म्हणजे भाताचं सगळंच सोडलं. शिळा भात गेला, आणि पेजही गेली.

इथं यायचं होतं मला. एवढा वेळ जे सांगितलं ते याच्या भोवतीनं फिरणं होतं. चिठ्ठी लपवली, खोटं बोलले – ते मी भीतीनं केलं म्हणून स्वतःला सांगू शकते, थोडा वेळ तरी. याचं काय सांगू?

भादव्यातली दुपार होती. घरात आम्ही दोघीच. पोरगी शाळेत. मी माझ्यासाठी कण्यांची पेज केली होती, कारण अंगात जरा तापाची कसर होती. पातळ, मऊ, वरून मीठ आणि थोडंसं ताक. सासू पाठीमागून येऊन उभी राहिली. पोळीचा तुकडाही तेव्हा तिच्यानं उतरत नव्हता. दूध आणि ज्वारीची आंबील, एवढ्यावर होती. आंबील तिला आवडायची नाही. ती पातेल्याकडं बघत होती. वास घेत होती – आठवतं ना, सगळ्या गावाच्या भाज्या वासावर ओळखणारी बाई.

म्हणाली, “मंदा, वाटीभर पेज देशील? घरी कोणीच नाही आता.”

कशी म्हणाली माहीत आहे? लहान पोर मागतं तशी, दाराकडं एकदा बघून घेऊन. घर तिचं. धान तिचं. ते पातेलं तिनं तिच्या हातानं भंडाऱ्याच्या बाजारातून आणलेलं.

आणि मी म्हटलं, “देव पाहून राह्यला ना, आई.”

असं म्हटलं मी. मी, जिनं ते व्रत चुलीपाशी बसल्या बसल्या तोंडातून काढलं होतं.

का? कुणी पाहिलं असतं आणि व्रत मोडलं अशी बोंब झाली असती, मग लोकांनी विचारलं असतं, मग सगळं उघडं पडलं असतं – हे एक. पण हे पुरतं खरं कारण नाही. त्या दिवसांत मला तिचा राग यायला लागला होता. तिचा छातीवरचा हात, तिचं वाळणं, अंगणातून येणारी तिची खोकण्याची उबळ. मला वाटायचं, दिवाळीपर्यंत धड राहता येत नाही का हिला? ज्याचं आपण वाईट करतो त्याचाच राग येतो माणसाला, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी तिच्यासमोर बसून ती पेज प्यायले. सगळी नाही प्यायले, अर्धी गाईला घातली. पण तिला नाही दिली.

ती “हो, खरं हाय” म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली. पुन्हा कधी मागितली नाही.

कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, बारशीला, तिचं भात सोडण्याचं उद्यापन ठरलं. विलास आला, क्वार्टरची किल्ली घेऊन. आमच्या शेतातला नवा तांदूळ होता, हलका धान आधी निघतो त्याचा. अंगणात शेजारपाजारच्या आठ-दहा बाया, पुतण्या, त्याची बायको. भर दुपार, ऊन पडलेलं. विलासनं भात कालवला, तूप घातलं आणि पहिला घास स्वतःच्या हातानं मायच्या तोंडात घातला. बायांनी कौतुकानं बघितलं. एकीनं डोळे पुसले.

मी भाताचं पातेलं धरून उभी होते. मला माहीत होतं. त्या अंगणात एकट्या मला माहीत होतं आणि तिला माहीत होतं. तरी तिनं तोंड उघडलं.

किती वेळ चावत होती ती. मग गिळायला गेली. मान ताठ झाली, डोळे पांढरे, हात विलासच्या सदऱ्यात रुतला. घास ना खाली ना वर. नाकातून पाणी यायला लागलं. पुतण्यानं पाठीत बुक्क्या मारल्या. शेवटी उलटला. घास आला, मागून रक्ताची धार आली. नव्या भातावर.

विलास ओरडला, “कवापासून होऊन राह्यलं हे? मंदा! कवापासून?”

मी म्हटलं, “आजच. एकदमच झालं हो.”

ती जमिनीवर पडली होती, पुतण्याच्या मांडीवर डोकं. शुद्धीत होती. तिनं ऐकलं. विलासनं तिला विचारलं, माय, आधी होत होतं का? तिनं मान हलवली – नाही. ती माझ्या बाजूनं हलवली असं मी म्हणत नाही. तिच्या मनातलं तिच्याजवळ.

भंडारा झालं, मग नागपूर. अन्ननळीच्या खालच्या टोकाला गाठ, पसरलेली. तिथल्या डॉक्टरनं पहिल्याच दिवशी विचारलं की इतके दिवस काय करत होता, आणि विलास त्यांना हात जोडून सांगत होता, जी, एकदमच झालं, काईच नव्हतं. मी बाजूला उभी होते. नळीतून पातळ अन्न द्यायचे तिला. माघात गेली.

क्वार्टर मी तेव्हाच सोडायला निघाले होते, म्हणजे तसं बोलून तरी दाखवलं. विलास म्हणाला, “मायनं याच्यासाठी भात सोडला, अन् मी क्वार्टर सोडू?” किल्ली ताब्यात होती म्हणून खाणीनं मुदत वाढवून दिली, आणि चैत्रात आम्ही चिखल्याला आलो. इथंच बसून लिहिते आहे. दोन खोल्या, नळ, स्वतःचा दरवाजा. खिडकीच्या चौकटीवर खाणीची काळी धूळ बसते, मी रोज पुसते.

मी चिठ्ठीचं ऐकलं असतं तर ती वाचली असती का? माहीत नाही. होळीपासून घास अडकत होता, आम्ही ज्येष्ठात दवाखान्यात गेलो, कदाचित तेव्हाही उशीर झालेला असेल. ही शंका मी खूप दिवस उशाशी घेऊन झोपले. आता ती मला उपयोगाची नाही. वाचली नसती कदाचित. पेज तर मिळाली असती.

आता आजच का सांगते, ते सांगते.

तेव्हापासून दरवर्षी विलास चातुर्मासात भात सोडतो. मायच्या नावानं. मायनं माझ्यासाठी सोडला, म्हणतो, मी चार महिने तिच्यासाठी नाही सोडू शकत? मी पोळ्या लाटते. आठ वर्षं लाटल्या. दरवर्षी पहिल्या दिवशी तो ताटाला हात जोडून तिचं नाव घेतो, आणि मी तवा खाली उतरवायच्या निमित्तानं पाठ फिरवते.

आणि विलासलाही जळजळ होते. मायसारखीच. शिफ्टवरून येऊन उशिरा जेवतो, लगेच आडवा होतो. खिशात सोड्याची पुडी असते. मागच्या महिन्यात माझी दुर्बीण झाली त्या दिवशी डॉक्टर त्याला म्हणाले होते, तुमची सख्खी आई होती, तुम्हीही एकदा नळी घालून घ्या. तो हसला. “आमच्या घरी एकदमच होते जी. एकदमच होणार असन तं तपासून कायले?” मी रिपोर्टची घडी घालून पिशवीत टाकली. माझाच शब्द होता तो, त्याच्या तोंडातून आलेला.

काल एकादशी झाली. आज त्याच्या सोडण्याचा पहिला दिवस. सकाळी शिफ्टवर जायच्या आधी मी त्याला पोळी-भाजी वाढली. हात जोडले त्यानं, मायचं नाव घेतलं. दुसऱ्या का तिसऱ्या घासाला थांबला. छातीवर मूठ ठेवली. दोन घोट पाणी प्याला आणि म्हणाला, “पोई कोरडी झाली का वं आज?”

पोळी कोरडी नव्हती. मी तूप लावलं होतं.

तो गेल्यावर मी स्टूल घेऊन माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. चिठ्ठी मी फाडली नव्हती. दिघोरीहून येताना फळीवरचा कागद उचलला तेव्हा ती हातात आली आणि फाडता आली नाही. सुपाऱ्यांच्या डब्यात ठेवून दिली होती. घडीवर फाटत आली आहे. पण तारीख वाचता येते. ‘लवकर’ वाचता येतं, खालच्या दोन रेघाही दिसतात.

ती मी आत्ता त्याच्या ताटाशेजारी ठेवली आहे, वाटी वर ठेवून, उडू नये म्हणून. तीन वाजता तो येईल. ताट बघायच्या आधी कागद बघेल, आधी तारीख बघेल. त्याला हिशेब कळायला वेळ लागणार नाही. मग भंडाऱ्याला उद्याच जायचं, हे मी सांगणार आहे. व्रत कुणी काढलं तेही सांगणार आहे. त्यानंतर या दोन खोल्यांत मी असेन की नसेन, ते तो ठरवेल.

आणि पेजेचं? कागदावर ते लिहिलेलं नाही. ते मी बोलले नाही तर त्याला कधीच कळणार नाही. पण तेही सांगेन. तुमच्या मायनं वाटीभर पेज मागितली होती. घरात होती. मी दिली नाही.